जुनी गाडी विकताय? जाहिरात वाचणारा नक्की काय शोधतो ते आधी बघा

गाडी ऑनलाईन टाकून पंधरा दिवस झाले, फोन येतात पण "लास्ट किती" एवढंच विचारून ठेवून देतात, ही तक्रार सारखी ऐकू येते. गाडी बऱ्याचदा खरंच चांगली असते हो, पण जाहिरात अशी की वाचणाऱ्याला काही कळतच नाही. चार फोटो, त्यातले दोन पार्किंगमधे अंधारात काढलेले, खाली "गुड कंडिशन, सिंगल हँड, अर्जंट सेल" आणि किंमत. आता हेच शब्द बाकीच्या शंभर गाड्यांखाली पण आहेत, मग तुमच्याच गाडीला फोन कशाला करेल कोणी?

आपल्याकडे सेकंड हँड घेणारा माणूस आधी मालक बघतो आणि मग गाडी. कारण गाडीतलं त्याला फार कळतं असं नाही, मेकॅनिकला तो नंतर आणणारच आहे, जाहिरात वाचताना तो फक्त एवढंच चाचपत असतो की हा माणूस काही लपवतोय का. जे लिहिलं नाही ते त्याच्या डोक्यात वाईटच धरलं जातं. इन्शुरन्स लिहिला नाही म्हणजे संपलेला असणार, किती नंबरचा मालक ते लिहिलं नाही म्हणजे थर्ड ओनर असणार, उजव्या बाजूचा फोटो नाही म्हणजे तिकडे ठोकलेली असणार. सरळ हिशोब आहे.

तर पहिली ओळ भरगच्च लिहा. नुसतं "स्विफ्ट २०१७ विकणे आहे" याला अर्थ नाही, एलएक्सआय आहे का व्हीएक्सआय का झेडएक्सआय, पेट्रोल का डिझेल, मॅन्युअल का ऑटोमॅटिक हे पहिल्या ओळीतच पाहिजे, कारण शोधणारा माणूस व्हेरियंट ठरवूनच बसलेला असतो. एअरबॅग कोणत्या व्हेरियंटला आहेत आणि मागचा वायपर कोणत्याला नाही हे त्याने आधीच पाठ केलेलं असतं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, त्यामुळे त्यांची डिझेल स्विफ्ट, डिझायर किंवा अर्टिगा शोधणारे लोक वेगळेच आहेत, "डिझेल" हा शब्द दिसला नाही तर ते पुढे निघून जातात.

वर्ष लिहिताना दोन्ही लिहा, मॅन्युफॅक्चरिंग आणि रजिस्ट्रेशन. डिसेंबर २०१७ ला बनलेली गाडी फेब्रुवारी २०१८ ला पासिंग झाली की लोक "२०१८ ची" म्हणून टाकतात आणि समोरचा आरसी बघतो तेव्हा त्यावर मॅन्युफॅक्चरिंगचा महिना छापलेलाच असतो. पकडलं गेलं की त्या दोन महिन्यांपायी बाकी सगळ्या खऱ्या गोष्टींवरचा पण विश्वास जातो.

पासिंग कुठलं हे आपल्याकडे भयंकर महत्वाचं. पुण्यातल्या माणसाला एमएच १२ किंवा १४ पाहिजे असते, ठाण्यातला एमएच ०४ आणि ०५ बघतो, कोल्हापूरचा ०९ सोडून १० चालवून घेईल पण तिथेही एकदा विचारेलच "सांगलीची का?" महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात रोड टॅक्स परत भरावा लागत नाही, त्यामुळे जिल्हा वेगळा असला तरी गाडी विकली जाते. बाहेरच्या राज्याची असेल तर मात्र आधीच सांगून टाका, कारण एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणि वर इथला टॅक्स, हा खर्च घेणारा किमतीतून कापणारच. दिल्ली आणि आसपास १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल चालवण्यावर बंधनं आली, २०१८ मधे सुप्रीम कोर्टानेही तो आदेश दिला, पुढे त्यात बदल होत राहिले पण तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे यायला लागल्या त्या लागल्याच, म्हणून डीएल (दिल्ली) किंवा एचआर (हरियाणा) पासिंगचा इतिहास असलेली गाडी दिसली की लोक दोन पावलं मागे सरतात. बीएच सिरीज, म्हणजे राज्याराज्यात बदली होणाऱ्या नोकरदारांसाठीचा 'भारत' नंबर, असेल तर तेही स्पष्ट लिहा, तिचा टॅक्स दोन दोन वर्षांचा असतो आणि घेणारा त्या सिरीजला पात्र नसेल तर त्याला साधा नंबर घेऊन टॅक्स भरावा लागतो.

मालक किती नंबरचा. इथे खोटं बोलून काही उपयोग नाही, एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स कधीपर्यंत, फायनान्स आहे का, बरंचसं दिसतं, आणि आरसीवर ओनर सिरीयल असतंच. एक नेहमीची भानगड म्हणजे गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेत. मुलगा जाहिरात टाकतो "फर्स्ट ओनर", घेणारा येतो, आरसी बघतो आणि विचारतो सही कोण करणार. तेव्हा सगळं अडतं. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्या आणि मगच विकायला काढा. कागदावर सेकंड ओनर दिसेल, दिसू दे, जाहिरातीत एक वाक्य टाका "वडिलांची गाडी, त्यांच्यानंतर माझ्या नावावर केली, घर तेच" आणि लोक ते फर्स्ट ओनरसारखंच धरतात. कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचं पत्र मिळेल का ते आधी बघून ठेवा.

लोनचं पण तसंच. हप्ते चार वर्षांपूर्वी संपले, बँकेचं एनओसी कपाटात पडलंय आणि आरसीवर एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, अजून तशीच, हे निम्म्या घरात असतं. बँकेच्या एनओसीला पण मुदत असते, जुनं झालं की नवीन मागावं लागतं. फॉर्म ३५ आणि एनओसी देऊन एचपी काढून घ्या आणि मग छाती ठोकून लिहा "लोन नाही, एचपी काढलेली आहे". ही एक ओळ वाचून जे फोन येतात ते टाईमपासवाले नसतात.

आता किलोमीटर. यावर जरा सविस्तर बोलतो कारण सगळ्यात जास्त संशय इथेच. मीटर मागे फिरवतात हे शेंबड्या पोराला पण माहीत आहे, त्यामुळे नऊ वर्षांची गाडी आणि २८,००० किलोमीटर असं लिहिलं की लोक खूश होत नाहीत, उलट हसतात. खरंच कमी चालली असेल तर कारण द्या, घरात दोन गाड्या होत्या, ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर होतं, काय असेल ते. मीटरचा फोटो टाका आणि तो इंजिन चालू असताना काढा, म्हणजे कुठला वॉर्निंग लाईट पेटलेला नाही हेही दिसतं. नुसती चावी फिरवून काढलेल्या फोटोत सगळे दिवे पेटलेले असतात, त्यावरून काहीच कळत नाही. सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीचा असेल तर शेवटच्या सर्व्हिसची तारीख आणि तेव्हाचं किलोमीटर लिहा. गल्लीतल्या गॅरेजला करत असाल तरी लाजायचं काही नाही, बिलं ठेवली असतील तर त्यांचा एक फोटो टाका, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, बॅटरी, सस्पेन्शनचं काम कधी केलं ते लिहा. क्लच नवीन टाकलाय हे वाचून माणसाला बरं वाटतं, मोठा खर्च आधीच होऊन गेलाय ना.

आणि हे लक्षात घ्या की प्रत्यक्ष आल्यावर तो मीटर बघतच नाही. तो ब्रेक पेडलचं रबर बघतो, गुळगुळीत झालंय का. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का, स्टिअरिंगवर दहा-दोनच्या जागी चमक आलीय का, गिअर नॉबवरचे आकडे पुसलेत का. ३०,००० सांगितले आणि पेडल टकलं झालेलं असेल तर विषय तिथेच संपला. टायरचं पण बघतात, साईडला शेवटचे चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. पाच वर्षांचे टायर "न्यू टायर्स" म्हणून टाकलेली जाहिरात अशा वेळी उघडी पडते. टायर कोणत्या सालचे ते स्वतःच लिहून टाका ना, दोन शब्दांचं काम.

ठोकलीय का हा प्रश्न तर येणारच. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात, "नो अॅक्सिडेंट" लिहितात आणि बंपर रंगवलेला असतो. अहो, बंपर घासणं म्हणजे काय अॅक्सिडेंट नाही, मुंबई-पुण्यात गाडी चालवली आणि बंपर घासला नाही असं होत नाही, घेणाऱ्यालाही ते माहीत आहे. उघड लिहा: "पुढचा बंपर आणि डावा मागचा दरवाजा क्लेममधे रंगवलाय, बाकी ओरिजनल पेंट." आणि ते दोन्ही भाग जवळून दाखवा. लोकांना खरी भीती स्ट्रक्चरची आहे, पिलर (छत धरणारे खांब), चेसिस, अॅप्रन (बोनेटखालचा इंजिनाशेजारचा पत्रा). माहितगार माणूस बोनेट उघडून फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का बघतो, दाराचं रबर खाली ओढून आतले स्पॉट वेल्ड बघतो, कंपनीचे गोल आणि एका अंतरावर असतात, गॅरेजचे तसे येत नाहीत. रबर ओढून पिलरचा एक फोटो तुम्हीच टाकलात तर जाणकार माणूस तिथेच ओळखतो की मालक खरा आहे. गंमत म्हणजे हा फोटो जवळजवळ कोणीच टाकत नाही.

पाण्यात गेलेली गाडी हा आपल्याकडचा दुखरा विषय. २००५ ची मुंबई, २०१९ चं कोल्हापूर-सांगली, २०२१ चं चिपळूण, या भागातली गाडी असली की पहिला प्रश्न तोच. घेणारा येतो आणि सीटबेल्ट पूर्ण ओढतो, अगदी शेवटपर्यंत, रीलमधे आत राहणाऱ्या त्या शेवटच्या पट्टीवर मातीची रेघ असली की कितीही शाम्पू केलेला असला तरी कळतं. मग स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालतो, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघतो, कार्पेट उचलून वास घेतो. तुमची गाडी पुराच्या भागातली असून कोरडी राहिलेली असेल तर बेल्ट ओढून फोटो टाका, विषय मिटला. आणि पाण्यात गेली असेल तर ते सांगूनच विका. गिऱ्हाईक मिळतं, भाव कमी मिळतो एवढंच.

फोटो कसे काढायचे तर सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, मोकळ्या जागेत, गाडी धुतलेली पण पूर्ण कोरडी. ओल्या गाडीवर डेंट दिसत नाहीत हे आता सगळ्यांना कळून चुकलंय, म्हणून ओल्या फोटोवर विश्वास बसत नाही. चारही कोपऱ्यातून एकेक, मग आतून पुढे-मागे, डिकी, इंजिन, मीटर, चारही टायर. स्क्रॅच असेल तिथे जवळून. डॅशबोर्डला ते चकचकीत पॉलिश फासू नका, डीलरची गाडी वाटते आणि डीलरची वाटली की लोक घरगुती गाडीचा भाव देत नाहीत. नंबर प्लेट झाकायची की नाही यावर भांडणं होतात, माझं मत असं की फोटोत झाकली तरी चालेल पण "नंबर मेसेजवर देतो, चेक करून मग या" असं लिहा, तोच तर समोरच्याला पाहिजे असतो. आरसीचा फोटो मात्र जाहिरातीत अजिबात नको, त्यावर पत्ता आणि चेसिस नंबर सगळं असतं.

सीएनजी असेल तर कंपनी फिटेड का बाहेरून बसवलेला, आरसीवर चढवलाय का आणि सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) कधी झाली, ही दर तीन वर्षांनी करायची असते, एवढं लिहिलं की पुरे. पेट्रोलवाल्यांना हल्ली "ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चालतं का" हा प्रश्न येतो, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघून उत्तर तयार ठेवा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही लोक विचारतात, त्याशिवाय आरटीओचं काम अडतं. १५ वर्षांच्या जवळ आलेली असेल तर आरसी किती तारखेपर्यंत आहे, रिन्यू केली असेल तर पुढची पाच वर्षं कधी संपतात आणि पर्यावरण कर भरलाय का हे सगळ्यात वर टाका. ई-चलन आधी भरून टाका, ५०० रुपयांच्या चलनावरून झालेला व्यवहार फिसकटलेला बघितलाय.

इन्शुरन्स लिहिताना नुसतं "व्हॅलिड" नको, फर्स्ट पार्टी का थर्ड पार्टी, झिरो डेप (क्लेममधे घसारा न कापणारा) आहे का, कुठल्या महिन्यापर्यंत. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, ५०% आहे म्हणून किंमत वाढवू नका, एनसीबी मालकाची असते, गाडीबरोबर जात नाही, तुम्हीच ती सर्टिफिकेट घेऊन नवीन गाडीला वापरा. आयडीव्हीकडे, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीकडे, मात्र घेणारा बघतो आणि तोच आकडा धरून घासाघीस सुरू करतो, त्यामुळे तुमची किंमत आयडीव्हीच्या वर असेल तर का आहे ते सांगता आलं पाहिजे.

किंमत. एक रुपया किंवा १,११,१११ टाकू नका, फिल्टर लावून शोधणाऱ्याला तुमची गाडी दिसतच नाही आणि दिसली तर राग येतो. त्याच व्हेरियंटच्या, त्याच वर्षाच्या, तुमच्याच भागातल्या गाड्या काय भावाने पडून आहेत आणि कुठल्या पटकन गेल्या ते आठवडाभर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीनच स्वस्त झाल्यावर जुनीचा भाव धरून बसण्यात अर्थ नाही, घेणारा नवीनची ऑन-रोड किंमत खिशात घेऊनच येतो. "फिक्स" लिहिलं तरी लोक घासाघीस करणारच, म्हणून थोडी जागा ठेवा पण पन्नास हजारांची नको. "गाडी बघून समोर बसून बोलू" हे वाक्य आपल्याकडे बरोबर चालतं, फोनवर "लास्ट किती" विचारणाऱ्यालाही तेच उत्तर.

विकायचं कारण एका ओळीत. नवीन घेतली, बदली झाली, घरात माणसं वाढली म्हणून सात सीटर पाहिजे. "अर्जंट सेल" लिहिलं की माणूस पहिल्याच फोनला लाखभर खाली मागतो, स्वतःच्या पायावर धोंडा.

सगळं मिळून जाहिरात साधारण अशी दिसते:

"वॅगन-आर व्हीएक्सआय १.०, पेट्रोल, मॅन्युअल. मॅन्युफॅक्चरिंग नोव्हेंबर २०१६, रजिस्ट्रेशन डिसेंबर २०१६, एमएच १४. फर्स्ट ओनर, ६१,४०० किमी, अजून वापरात आहे म्हणून थोडे वाढतील. कंपनी सर्व्हिस २०२१ पर्यंत, नंतर घराजवळच्या गॅरेजला, बिलं आहेत. क्लच आणि बॅटरी मागच्या वर्षी बदलली. टायर पुढचे २०२३, मागचे २०२० चे, मागचे लवकरच बदलावे लागतील. मागचा बंपर रंगवलाय, उजव्या दारावर पार्किंगचा स्क्रॅच आहे, फोटो बघा. एसी चांगला, मागच्या डाव्या दाराची पॉवर विंडो हळू चालते. लोन नाही. फर्स्ट पार्टी इन्शुरन्स मार्चपर्यंत. एचएसआरपी आहे, चलन बाकी नाही. घरात मोठी गाडी घेतली म्हणून देतोय. संध्याकाळी ७ नंतर फोन करा, मेकॅनिक घेऊन या. एजंटांनी कृपया फोन करू नये."

ती पॉवर विंडोची ओळ काढू नका. त्या एका ओळीमुळे बाकीचं सगळं खरं वाटतं.

एजंटांचे फोन तरी येणारच, दहातले निम्मे तेच, भाव पाडून बोलतात, मनावर घ्यायचं नाही. आणि कोणी "मी आर्मीत आहे, गाडी न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन करा" म्हणाला की फोन ठेवायचा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. टेस्ट ड्राईव्हला लायसन्स बघा आणि स्वतः शेजारी बसा.

काही गोष्टी जाहिरातीत लिहून उपयोग नाही पण कामी येतात. नंबरची बेरीज आठ येते म्हणून परत गेलेला माणूस भेटेल, त्याला समजवत बसू नका. अमावस्येला टोकन घ्यायला-द्यायला बरेच जण नको म्हणतात, पितृपक्षात फोन थंड असतात आणि दसऱ्याच्या आधी परत सुरू होतात, त्या हिशोबाने जाहिरात टाका.

सौदा ठरला की नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दोघांच्या ओळखपत्रांच्या कॉपी, आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ पण लिहा, त्या वेळेनंतरचं चलन किंवा अपघात कोणाचा हे ठरवायला तेच लागतं. राज्यातल्या राज्यात गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "मी करून घेतो ट्रान्सफर, तुम्ही निवांत राहा" यावर राहू नका, आरसीवर नाव आहे तोच मालक धरला जातो, २०१८ मधे सुप्रीम कोर्टाने अपघाताच्या एका केसमधे तेच सांगितलंय, गाडी मधे चार हात फिरली होती तरी नुकसानभरपाई रजिस्टर्ड मालकावरच आली. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहील. आणि जाहिरात काढून टाका, नाहीतर पुढचे दोन महिने रात्री अकरा वाजता पण "गाडी आहे का" म्हणून फोन येत राहतात.